सेवेचं दफ्तर कोण सांभाळणार?

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांनी वनराई बंधारा बांधला. मुलं जीव लावून राबली. नाशिकमधल्या बांधकामांवरून गोळा केलेली सिमेंटची रिकामी पोती त्यांनी मातीनं भरली, तोंडं शिवली, एकावर एक रचली, फटींत गवत आणि माती ठासली. चौथ्या दिवशी संध्याकाळी बंधारा उभा राहिला. नाल्यात मात्र पाणी नव्हतं. ते जानेवारीतच आटलं होतं. काठावर उकिडवा बसलेला एक शेतकरी मला म्हणाला, "सर, दोन महिने आधी आला असतात तर माझ्या हरभऱ्याला दोन पाणी मिळालं असतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि त्यातलं पुष्कळ पाणी नार, पार, दमणगंगा या नद्यांतून पश्चिमेला उतरून जातं. मार्च लागला की बायका हंडे घेऊन डोंगर चढउतार करतात. पाऊस थांबल्यावर नाल्यातून जे शेवटचं पाणी वाहत असतं ते अडवायचं, एवढाच वनराई बंधाऱ्याचा उपयोग. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याचा हंगाम. आमचं शिबिरही डिसेंबरातच ठरलं होतं. ग्रामपंचायतीचं पत्र आलं होतं, मुलांची यादी तयार होती, पोती गोळा झाली होती. अडलं ते अग्रिमावर, म्हणजे खर्चासाठी आगाऊ मिळणाऱ्या पैशावर. आधीच्या वर्षीच्या शिबिराचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, गेलेलं नव्हतं, कारण टेम्पोभाड्याच्या एका व्हाउचरवर पैसे घेणाऱ्याची सहीच नव्हती. ते व्हाउचर लावणारा लिपिक करार संपल्यामुळे मध्येच घरी बसला होता. त्याच्या जागी आलेल्या मुलाला टेम्पो कोणाचा हे ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच, कारण कार्यक्रम अधिकारी म्हणून माझं ते पहिलंच वर्ष होतं. टेम्पोवाला शोधून, त्याची सही घेऊन, जुना हिशेब मिटवून नवा अग्रिम हातात पडेपर्यंत संक्रांत उलटून गेली. मग अंतर्गत परीक्षा आल्या. एका सहीपायी एका वाडीचं एक साल गेलं.

समाजसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फावडं येतं, झाडू येतो, टोपी घातलेली मुलं येतात. टेबल येत नाही. आवक-जावक रजिस्टर, नस्त्या, व्हाउचरांचे गठ्ठे, दोन माणसांत मिळून एक संगणक, हे सगळं आपण सेवेच्या बाहेरचं समजतो. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या समाजसेवा कार्यालयात बसणारा लिपिक किंवा सहायक हा त्या सेवेचाच भाग आहे. त्याची जागा कायम असली पाहिजे, पूर्ण वेळाची असली पाहिजे आणि भरलेली असली पाहिजे. ती भरायची नसेल तर विद्यार्थ्यांना दत्तक गावात पाठवू नये, इथपर्यंत माझं मत आता येऊन ठेपलं आहे.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांवर ही योजना आरंभली. रचना साधी आहे. साधारण १०० स्वयंसेवकांचं एक युनिट, त्यावर एक कार्यक्रम अधिकारी, वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. आता या रचनेत कोण किती काळ टिकतो ते पाहा. विद्यार्थी दोन वर्षांत बाहेर पडतो. कार्यक्रम अधिकारी हा मुळात शिकवणारा प्राध्यापक, त्याची मुदत तीन वर्षांची, फार तर एखादं वर्ष वाढवून मिळतं. सरपंच पाच वर्षांनी बदलतो. गाव तेवढं जिथल्या तिथे असतं. म्हणजे गावाला दिलेला शब्द लक्षात ठेवू शकेल असं या सगळ्या साखळीत एकच माणूस उरतो, तो कार्यालयातला. आणि नेमकं त्यालाच आपण अकरा महिन्यांच्या करारावर ठेवतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी त्या टेबलावर एक ताई आल्या. मुलं त्यांना ताईच म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. महिनाभरात त्यांनी माझ्याकडे दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही मागितली. त्यात त्यांनी गावाप्रमाणे पानं पाडली आणि पट्टीनं रकाने आखले: तारीख, गावात कोणी काय मागितलं, आपण काय कबूल केलं, कोणी कबूल केलं, आणि शेवटचा रकाना, "पुढे काय". असली वही ठेवा असं कुठल्याही परिपत्रकात सांगितलेलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सर, तुम्ही गावात जाता आणि हो म्हणून येता. फोन मला येतात." शिबिराहून परतलो की दुसऱ्या दिवशी त्या मला समोर बसवून विचारत, कोणाला काय सांगून आलात? सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा. पुढे माझी जीभच आवरली. जे लिहून ठेवायची तयारी नाही ते गावात बोलायचं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

त्या वहीमुळे काय होत होतं हे ती थांबल्यावर कळलं. ताईंचा करार एकदा वाढला, दुसऱ्यांदा वाढला नाही. नंतरच्या वर्षी नव्या स्वयंसेवकांना घेऊन आम्ही त्याच पाड्यावर सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणाला गेलो. घरात माणसं किती, शिक्षण किती, संडास आहे का, पाणी कुठून आणता. एका घराच्या ओट्यावर नागली पाखडत बसलेली म्हातारी आमच्या मुलीचे पहिले दोन प्रश्न ऐकून थांबली. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "पोरी, हे मागल्या सालीबी लिहून नेलं, त्याच्या मागल्या सालीबी नेलं. ते कागद कुठं गेले ते आधी सांग, मग मी सांगते." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद होते, कुठल्या तरी कपाटात, बॅनर आणि जुन्या टोप्यांच्या खाली. पण ते कोणते, कुठल्या वर्षाचे, त्यातून काय निघालं, हे सांगणारं माणूस उरलं नव्हतं. आम्ही तिसऱ्यांदा तीच माहिती भरून आणली. गावाच्या बाजूनं पाहिलं तर ही सेवा नाही, ही माणसांच्या वेळेची लूट आहे, आणि ती आम्ही अत्यंत प्रामाणिक मनानं केली.

कार्यालयीन मदत म्हणजे नेमकं काय, हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. शिबिर सात दिवसांचं असतं, टेबलावर ते चार महिने चालतं. पालकांची संमतीपत्रं घ्यायची, त्यावरचा फोन खरंच पालकांचाच आहे ना हे फोन लावून पाहायचं. रक्तगट, दमा, फिट, कुठलं औषध चालू आहे, हे विचारायचं. मुलींच्या मुक्कामाची सोय कुठे आहे आणि सोबत महिला प्राध्यापक कोण, हे लेखी घ्यायचं. प्राथमिक आरोग्य केंद्राला, पोलीस ठाण्याला, पंचायत समितीला पत्रं द्यायची, पोच घ्यायची. अवजारं जडसंग्रह नोंदवहीतून (टिकाऊ सामानाच्या रजिस्टरातून) उतरवायची आणि परत आली की मोजून चढवायची. एका शिबिरात रात्री साडेदहाच्या सुमारास एका मुलाला जोराची धाप लागली. तो घाबरला होता, बोलता येत नव्हतं. मित्रांना वाटलं जेवणातून काही झालं. ताईंनी सामानात एक प्लास्टिकची फाइल दिली होती, त्यात त्याच्या अर्जाची प्रत होती आणि त्यावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं: दमा, पंप बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. पंप तिथेच सापडला. ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत पोराचा श्वास बराच सावरला होता. समारोपाच्या भाषणात पाहुण्यांचे, सरपंचांचे, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे आभार मानले गेले. ताईंचं नाव कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि याची मला आजही खंत आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. सेवेसाठी आलेला पैसा बाबूंवर खर्च करायचा की गावावर? माझ्या काळात दर स्वयंसेवकामागे नियमित कामाला वर्षाला २५० रुपये आणि विशेष शिबिराला ४५० रुपये मिळत. ४५० रुपयांत सात दिवस, म्हणजे माणशी दिवसाला ६४ रुपये. त्यात चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, प्रवास आणि बाकी सगळं. इतक्या तुटपुंज्या रकमेतून लिपिकाचा पगार काढा असं मी म्हणतच नाही. तो या पैशातून निघता कामा नये. तो आस्थापनेचा खर्च आहे, परीक्षा विभागातल्या आणि ग्रंथालयातल्या माणसांचा जसा असतो तसा. परीक्षा विभागात लिपिक नको, सगळा पैसा विद्यार्थ्यांच्या गुणांवर खर्च करा, असं कोणी म्हणत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९७७ सालीच विस्तारकार्याला, म्हणजे समाजात जाऊन करायच्या कामाला, अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीचं तिसरं अंग मानलं. बरोबरीचं मानायचं आणि माणूस देताना तोंड फिरवायचं, हे कसं चालेल? आणि उलट, पैसा जितका थोडा तितका त्याचा हिशेब चोख लागतो. ज्या गांधीजींच्या शताब्दीत ही योजना जन्मली, ते सार्वजनिक पैशाच्या पै-पैचा हिशेब ठेवण्याबाबत किती कडक होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पावती फाडणं त्यांना सेवेहून हलकं काम वाटत नव्हतं.

दुसरा आक्षेप नवा आहे: आता पोर्टल आलं, सगळं ऑनलाइन आहे, माणूस कशाला? केंद्र सरकारचं 'माय भारत' पोर्टल २०२३ पासून आहे, स्वयंसेवकांची नोंदणी तिथे होते, त्याला माझा विरोध नाही. पण पाड्यावर रेंज नसते. हजेरी कागदावरच होते, कागद घामानं आणि दवानं ओला होतो, आणि शहरात परतल्यावर कोणीतरी तो वाळवून एकेक नाव भरत बसतं. आधारवर एक स्पेलिंग, गुणपत्रिकेवर दुसरं, मुलानं भरलेलं तिसरं. हे जुळवणारं कोणीतरी लागतं, नाहीतर दोन वर्षं राबलेल्या पोराच्या प्रमाणपत्रावर भलतंच नाव छापून येतं आणि त्याला वर्षभर खेटे घालावे लागतात. शिवाय पोर्टल किती झाडं लावली ते विचारतं. त्यातली उन्हाळ्यात किती जगली हे विचारायला माणूसच फोन करतो.

कागद फार झाले आहेत, हे मात्र मला मान्य आहे. एकाच कार्यक्रमाचा अहवाल तीन ठिकाणी तीन नमुन्यांत पाठवायचा, प्रत्येकासोबत वेगळे फोटो, फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटलेली हवी, आणि तेही आज संध्याकाळी पाचपर्यंत. अशा कागदांनी गावाचं काही भलं होत नाही. माझ्या मते संमतीपत्र आणि आरोग्याची माहिती, गावाशी झालेला पत्रव्यवहार, पैशाचा हिशेब आणि दिलेल्या शब्दांची वही, एवढं जिवापाड जपावं. बाकीचं निम्मं टाकलं तरी बिघडत नाही. पण कोणता कागद टाकायचा हे ठरवायलाही तो टेबलावरचा माणूस विचारात घ्यावा लागतो. परिपत्रक काढणाऱ्यानं कधी पाड्यावरची हजेरी वाळवलेली नसते.

हा प्रश्न आत्ता मांडण्याचं कारण आहे. महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयानं नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची श्रेयांक (क्रेडिट) रचना ठरली. त्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. आजवर सेवा ऐच्छिक होती. येणारी मुलं थोडी असत आणि मनानं आलेली असत. आता गावाकडे निघणाऱ्या मुलांची संख्या कित्येक पटींनी वाढणार. दोन श्रेयांकांना ६० तास धरले, तर प्रत्येक मुलाचे ६० तास कोणीतरी नोंदवायचे, कोणीतरी खरे आहेत की नाही ते पाहायचे. श्रेयांक आले म्हणजे निकाल आला, निकाल आला म्हणजे तक्रारी आल्या. पाहणारं कोणी नसेल तर काय होईल ते उघड आहे. खोट्या तासांच्या वह्या तयार होतील, एकाचं बघून दुसरा उतरवेल, आणि सेवेच्या नावावर मुलं पहिली गोष्ट शिकतील ती खोटी सही. त्यात नाशिकजवळची जी गावं सोयीची, गाडीरस्त्यावरची, तिथेच चार-चार महाविद्यालयं जाऊन धडकतील. आडबाजूच्या पाड्यावर कोणीच जाणार नाही. हे वाटप कोण करणार? एकमेकांच्या कार्यालयांना फोन लावून "तुम्ही अमुक गाव घेतलंय का?" हे विचारणारा कोणी लागेल की नाही?

आणि नाशिकपुढे तर सिंहस्थ कुंभमेळा उभा आहे. २०२७ च्या पर्वण्यांना गर्दी आवरायला, हरवलेल्यांना पोहोचवायला, निर्माल्य गोळा करायला विद्यार्थी स्वयंसेवक मागितले जातील. मागितले गेलेच पाहिजेत. पण या शहरानं २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेलेली पाहिली आहेत. अशा गर्दीत अठरा-एकोणीस वर्षांची मुलं उभी करायची तर कोण कोणत्या घाटावर, किती वाजल्यापासून, त्याला बदली कधी, जेवण कुठे, विमा उतरवला का, घरच्यांना माहीत आहे का, हे सगळं नावानिशी कोणाकडे तरी असायला हवं. ही यादी पर्वणीच्या आदल्या आठवड्यात होत नसते. ती करणारं माणूस आत्ताच त्या खुर्चीवर बसलेलं असायला हवं, म्हणजे त्याला पंचवटीतल्या गल्ल्या, पोलीस चौकीतली माणसं आणि आपली मुलं तिन्ही ओळखीची होतील. मे महिन्यात करार संपवून जूनमध्ये नवा माणूस आणला, तर येरे माझ्या मागल्या.

कार्यालयाच्या बळावर शिक्षण उभं राहू शकतं, हे खरं तर नाशिककरांना वेगळं सांगायला नको. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे. तिथला विद्यार्थी गडचिरोलीत असो की सिंधुदुर्गात, त्याच्यापर्यंत विद्यापीठ पोहोचतं ते पुस्तकाच्या पार्सलमधून, अभ्यासकेंद्राच्या खिडकीतून, वेळेवर गेलेल्या पत्रातून. म्हसरूळकडच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या मुलांच्या शिबिरांचंही तसंच. पाड्यावर एखाद्या बाईचा रक्तदाब जास्त निघतो, तिला चिठ्ठी दिली जाते, जिल्हा रुग्णालयात दाखवा म्हणून. ती गेली का? तिच्या घरी गाडीभाडं होतं का? पंधरा दिवसांनी हे विचारणारा फोन ज्या टेबलावरून जातो, ते टेबल माझ्या दृष्टीनं स्टेथोस्कोपइतकंच उपचारांचा भाग आहे.

म्हणून मला हवं आहे ते फार मोठं नाही. प्रत्येक महाविद्यालयाला परवडत नसेल तर शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक, पण कायम माणूस. परीक्षा आल्या की त्याला उचलून गुणपत्रिकांना जुंपायचं नाही. आज सर्रास तेच होतं, आणि नेमकं शिबिराच्या तोंडावर. अग्रिम दिवाळीआधी. गावाच्या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, म्हणजे आम्ही विसरलो तरी गाव आमच्या तोंडावर वही उघडू शकेल. आणि त्या माणसाला शिबिरात किमान एक दिवस कर्तव्यावर म्हणून न्यायचं. ताईंनी दोन वर्षं ज्या पाड्याची पानं भरली तो पाडा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. त्यांच्या प्रवासभत्त्याची तरतूद नव्हती, असं मला सांगितलं गेलं आणि मीही ते ऐकून घेतलं.

ताई आता अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतात. पगार तिथे बरा आहे आणि तो दर महिन्याला होतो. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या आणि मग त्यांनी विचारलं, "सर, पाड्यावरच्या विहिरीचा कठडा बांधून द्यायचं आपण कबूल केलं होतं. शाळेच्या वाटेवरची विहीर. झाला का तो?" माझी मुदत संपून बराच काळ लोटला होता. विचारून सांगतो म्हटलं, आणि फोन ठेवून लगेच कार्यालयात फोन लावला. पलीकडे नवीन मुलगा होता, नम्र होता, त्यानं पेन-कागदही घेतला. मग त्यानं मला विचारलं, कोणती विहीर?